मुक्कामाला जागा आहे का?

'घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं' ही म्हण ज्याने कुणी पहिल्यांदा म्हटली असेल, त्याच्या घरी पाहुण्यांची चांगलीच वर्दळ असणार! आपल्या सारंगखेड्याच्या यात्रेत दरवर्षी घोड्यांचा बाजार भरतो, त्यामुळे घोडं पोसणं हे काय खर्चाचं काम आहे ते आपल्याला वेगळं सांगायला नको. दुसरी म्हण तर याहून कडक. पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, आणि तिसऱ्या दिवशीही राहिला तर त्याची अक्कल गेली! म्हणजे एकीकडे अतिथीला देव म्हणायचं आणि दुसरीकडे देवाने दोन दिवसांत आपलं सामान बांधावं अशी अपेक्षा करायची. आपला समाज ढोंगी आहे म्हणून असं नाही. पाहुणा हवाही असतो आणि जडही जातो, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. म्हणूनच या विषयावर एकदा नीट बोललं पाहिजे असं मला वाटतं.

मित्रांनो, नंदुरबार जिल्ह्यातल्या माणसाला हा विषय टाळता येत नाही. १ जुलै १९९८ ला धुळ्यापासून वेगळा होऊन आपला जिल्हा झाला. सहा तालुके, वर सातपुडा आणि नर्मदा, मधून तापी. एका बाजूला गुजरात, दुसऱ्या बाजूला मध्य प्रदेश. पुणं गाठायचं तर चारशे किलोमीटरच्या पुढे, आणि सुरत रेल्वेने दीडशे-पावणेदोनशेच्या आत. तापी नदी प्रकाशाहून पुढे जाऊन जिथे समुद्राला मिळते, तिकडेच आपली माणसंही पोटापाण्यासाठी गेली. नवापूरचं स्टेशन तर सर्वांना माहीत आहे. १ मे १९६० ला दोन राज्यं वेगळी झाली आणि एकाच फलाटाचा अर्धा भाग महाराष्ट्रात, अर्धा गुजरातमध्ये राहिला. बाकावर बसलं तर एक जण या राज्यात आणि शेजारचा त्या राज्यात! तिथे बसून हसायला बरं वाटतं. पण गाडी सुटली आणि उधना आलं, की भाषा बदलते, पाट्या बदलतात, आणि ज्याला रेघ नसलेली गुजराती अक्षरं वाचता येत नाहीत त्याला बसचा नंबरसुद्धा दुसऱ्याला विचारावा लागतो. अंतराने जवळचं असलं तरी शहर परकंच.

त्या परक्या शहरात आपल्या जवळजवळ प्रत्येक गावाचं एक तरी घर असतं. लिंबायत, डिंडोली, उधना, पांडेसरा या भागात फिरलात तर अर्धा खान्देश भेटेल. गल्लीत अहिराणी ऐकू येते. तिथल्या महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळाही आहेत. माझे मामा लिंबायतला राहतात. एक खोली, मागे स्वयंपाकाची जागा, पुढे ओटा. या घरात मी लहानपणापासून उन्हाळ्याच्या सुट्ट्या काढल्या आणि एवढ्या वर्षांत त्या खोलीत फक्त घरचीच माणसं झोपलीत अशा रात्री मला फार थोड्या आठवतात. कुणी दवाखान्यासाठी आलेलं असतं. कुणी रिंगरोडच्या कापड मार्केटात लग्नाचा बस्ता बांधायला. कुणी लूमवर काम मिळतंय का ते बघायला. अलीकडे भरतीच्या ऑनलाईन परीक्षेचं सेंटर लांबच्या शहरात पडतं, म्हणून मुलं-मुलीही येतात. दार वाजलं की मामीचा एकच प्रश्न, "कव्हय उना रे भो?" आणि उत्तराची वाट न बघता, "जेवाले बठ."

येणारा रिकाम्या हाताने येत नाही, हेही सांगितलं पाहिजे. नंदुरबारची लाल मिरची, नवापूरची तूरडाळ, धडगावकडचा आमचूर, दादरचं पीठ... पिशवी उघडली की गावाचा वास येतो. आम्ही इंजिनिअरिंगवाले हिशोबी म्हणून विचारू, की दोन किलो डाळीत चार दिवसांचा मुक्काम कसा बसतो? बसत नाही! पण ती पिशवी म्हणजे बिल नसतं. 'मला माहीत आहे की तुमच्यावर भार पडतोय', एवढं ती पिशवी न बोलता सांगते. आणि तेवढं सांगितलेलं असलं की यजमानाला बरंच हलकं वाटतं.

आता मुद्द्याची गोष्ट. परक्या शहरातला पाहुणचार म्हणजे जेवण आणि अंथरूण, असं आपण समजतो. माझ्या मते तो त्यातला सोपा भाग आहे. तळोद्याकडून आलेल्या माणसाला भाकरी दोन दिवस कुठेही मिळेल. त्याला जे मिळत नाही ते म्हणजे सोबत येणारा माणूस. मोठ्या सरकारी दवाखान्यात केसपेपर कुठे काढायचा, कोणत्या रांगेत उभं राहायचं, रक्ताचा रिपोर्ट कुठल्या खिडकीवर मिळतो, डॉक्टर हिंदी-गुजरातीत जे बोलले त्याचा अर्थ काय, हे सगळं एका दिवसात कळत नाही. मामा सकाळची पाळी बुडवून बरोबर जातात. बुडालेल्या पाळीचे पैसे कापले जातात आणि ते कोणत्याही पाहुण्याच्या हिशोबात येत नाहीत. एखादा म्हातारा बाबा त्यांच्या हाताला धरून जिना चढतो आणि औषध घेऊन गावी परततो. तो बरा झाला तर श्रेय डॉक्टरांचं आणि देवाचं. मामांचं नाव त्यात कुठेच नसतं. खरं तर त्या एका खोलीमुळेच तो डॉक्टरपर्यंत पोहोचलेला असतो!

आणि मामी? पाहुणचाराचं कौतुक होतं तेव्हा घराचं नाव पुरुषाच्या नावाने घेतलं जातं. "अमक्या भाऊंकडे उतरलो होतो, फार चांगलं केलं." पण नळाला पाणी तासभर येतं, त्यात चार माणसांऐवजी आठ जणांचं पाणी कोण भरतं? मुलांचा अभ्यास ओट्यावर सरकतो, रात्री बाई स्वयंपाकाच्या जागेत अंग मुडपून झोपते आणि पहाटे सगळ्यांच्या आधी उठते. तिला विचारून पाहुणा आला असं मी तरी कधी पाहिलं नाही. ती नाही म्हणत नाही, याचा अर्थ तिला त्रास होत नाही असा आपण सोयीने काढतो. पाहुणचार ही आपली संस्कृती आहे असं भाषणात म्हणायला काही लागत नाही, पण ही संस्कृती रोज ज्यांच्या हातांनी चालते त्यांना एकदा विचारायला हवं.

स्ट्रक्चर्सच्या तासाला आपण काय शिकतो? एकाच कॉलमवर सगळा लोड टाकला तर तो आज उभा दिसेल, पण आतून तडे जात असतात. लोड वाटून दिला तर साध्या मटेरियलची इमारतही वर्षानुवर्षं टिकते. गावाकडून शहरात जाणाऱ्या माणसांचा सगळा लोड आपण एखाद्या मामा-मामीवर टाकतो. मग एक दिवस ते घर फोन उचलत नाही, आणि आपण म्हणतो, "शहरात गेला आणि माणूसकी विसरला." विसरला नाही हो, वाकला!

हा लोड वाटून घ्यायची अक्कल आपल्या आधीच्या लोकांना होती. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आलेल्या कामगारांनी गावागावाच्या नावाने खोल्या घेतल्या होत्या. त्यांना गाळे म्हणायचे. एका खोलीत पंधरा-वीस माणसं, प्रत्येकाची एक ट्रंक आणि एक वळकटी. पाळ्या वेगवेगळ्या असल्याने झोपही पाळीपाळीने. प्रत्येकाने महिन्याची वर्गणी द्यायची, जेवायला खानावळ, आणि गावाहून नवीन पोरगा आला की नोकरी लागेपर्यंत त्याला त्या खोलीत जागा. तो पोरगा कुण्या एकाचा पाहुणा नसे, सगळ्या गावाचा असे. उद्या नोकरी लागली की तोही वर्गणी देणार आणि पुढच्या पोराला जागा करून देणार. त्या खोल्यांत सुख नव्हतं, हे मान्य. पण कुणा एका बाईच्या कमरेवर तो डोलारा उभा नव्हता, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

शिक्षणाचंही तसंच. पूर्वी पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. सात घरं मिळून एक मुलगा शिकवत. एक घर सातही दिवस जेवू घालत नव्हतं, हे लक्षात घ्या. पण असा आश्रय ओळखीवर आणि जातीवर चालायचा, आणि ज्याची ओळख नाही तो दाराबाहेरच राहायचा. हे ओळखून राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात एकामागून एक वसतिगृहं काढायला मदत केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्याला सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारं वसतिगृह सुरू केलं. गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी इथे धर्मशाळा बांधल्या. आजही मुंबईत दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये उपचार घेणारे कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक उतरतात. ज्याचं परक्या शहरात कुणीच नाही, त्याचं काय, हा प्रश्न या लोकांना पडला होता. आपण आज ज्या वसतिगृहात राहतो ते याच प्रश्नाचं उत्तर आहे.

कुणी म्हणेल, शहरातल्या माणसाने गावाचा भार का म्हणून उचलायचा? त्याला तीन सालं आठवून द्यावीशी वाटतात. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची बातमी पसरली आणि लाखो लोक शहर सोडून निघाले. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून पाणी सोडावं लागलं आणि बरंचसं सुरत पाण्याखाली गेलं. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला, लूम बंद पडले आणि माणसं मिळेल त्या वाटेने निघाली. त्या वेळी कुठे गेले सगळे? गावाला! तेव्हा गावातल्या घराने त्यांना थारा दिला, पडवीत अंथरुणं पडली, एका चुलीवर तीन घरांच्या भाकरी झाल्या. पाहुणा आणि यजमान या कायमच्या जागा नाहीत. आज जो दार उघडतो तो उद्या दार वाजवणार असतो. त्यामुळे हा उपकाराचा विषय नाही, फिरत्या देण्याघेण्याचा आहे.

आता आपल्या पिढीकडे वळू. आपल्यातले बरेच जण पास आऊट झाल्यावर पुण्याला हिंजवडी-वाकड भागात, नाही तर बेंगळुरू-हैदराबादला जातील. चार जणांत एक फ्लॅट, किंवा पीजी, जिथे भिंतीवर लिहिलेलं असतं की पाहुण्यांना रात्री थांबता येणार नाही. गावाहून फोन येतो, "भाऊ, बापूंना घेऊन दवाखान्यात येतोय." आणि आपण म्हणतो, "रूमवर अडचण आहे, नंतर या ना." बरोबरच आहे, अडचण असतेच. पण आजाराला नंतर नसतं. मामांकडे एक खोली होती आणि जागा होती, आपल्याकडे दोन बेडरूम आहेत आणि जागा नाही, हे थोडं विचित्र नाही का?

काही जण परदेशीही जातात. मग आई-बाबा तिकडे जातात, सहा महिने राहतात. मुलगा-सून सकाळी कामावर जातात. आई-बाबांना गाडी चालवता येत नाही, पायी जावं असं दुकान जवळ नाही, शेजारी कोण आहे माहीत नाही. शनिवार-रविवारी त्यांना धबधबे आणि उंच इमारती दाखवल्या जातात, फोटो गावाला येतात. पण सोमवार ते शुक्रवार काय? आयुष्यभर शेतात आणि चार माणसांत वावरलेला माणूस खिडकीतून रस्ता बघत बसतो. इथेही गोष्ट तीच. जेवण आणि अंथरूण उत्तम आहे, सोबत नाही. तिथल्या महाराष्ट्र मंडळात एकदा नेऊन ओळखी करून दिल्या, बसचा रस्ता दोनदा बरोबर जाऊन दाखवला, घरातलं एखादं काम विश्वासाने त्यांच्याकडे दिलं, तर तेच सहा महिने वेगळे जातात.

मग करायचं काय? मी उपदेश करण्याइतका मोठा नाही, पण चार गोष्टी सुचतात.

पहिली, पाहुण्याने येण्याआधी सांगावं. किती जण, किती दिवस, काम काय. "येतोय" एवढाच फोन करून रेल्वेत बसू नये.

दुसरी, यजमानाने खरं सांगावं. "दोन दिवस जमेल, तिसऱ्या दिवशी माझी पाळी आहे, त्या दिवशी अमक्याकडे सोय करतो," असं स्पष्ट बोलणं तोंड वाकडं करून आठवडाभर ठेवण्यापेक्षा शंभर पटीने बरं. आणि हो म्हणण्याआधी घरातल्या बाईला विचारावं.

तिसरी, पाहुण्याने घरात हात लावावा. पाणी भरावं, भाजी आणावी, आपलं ताट आपण उचलावं. पुरुष असला तरी!

चौथी, एका शहरात आपल्या तालुक्यातले पाच-दहा जण असतील तर त्यांनी यादी करून दिवस वाटून घ्यावेत. या वेळी माझ्या फ्लॅटवर, पुढच्या वेळी तुझ्या. ज्याच्याकडे जागा नाही त्याने दवाखान्यात बरोबर जावं. ज्याला वेळ नाही त्याने लॉजचे पैसे भरावेत. वार लावून जेवण्याची जुनी रीत मोबाईलवरच्या ग्रुपमध्ये फार सहज चालेल.

आणि या सगळ्याची सुरुवात पुण्याला गेल्यावर कशाला करायची? इथेच करू. आपल्या वसतिगृहाचा नियम आहे की भेटायला आलेल्याने संध्याकाळी सातच्या आत जावं. नियमामागचं कारण मला समजतं. अनोळखी माणूस रात्री होस्टेलमध्ये नको, रेक्टर सरांवर दोनशे मुलांची जबाबदारी आहे, हे योग्यच. पण धडगाव किंवा मोलगीकडून घाट उतरून आलेला बाप दुपारी इथे पोहोचतो. मुलाची फी, सही, शिक्का यात त्याची संध्याकाळ होते आणि घराकडची शेवटची एसटी निघून जाते. मग तो जातो कुठे? बस स्टँडच्या बाकावर. मुलगा आत गादीवर आणि बाप बाहेर बाकावर, आणि मुलाला झोप लागत नाही. आपल्या जिल्ह्यात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. या आजारात अंगदुखी अचानक उठते. एखाद्या मुलीला असं दुखायला लागलं आणि गावाहून आई धावत आली, तर त्या आईला सात वाजता गेटबाहेर जायला सांगायचं का?

म्हणून माझी मागणी साधी आहे. मुलांच्या आणि मुलींच्या दोन्ही वसतिगृहांत खालच्या मजल्यावर एकेक खोली पालकांसाठी राखून ठेवावी. दोन खाटा, एक पंखा, पिण्याचं पाणी. रजिस्टरमध्ये नोंद, ओळखपत्राची प्रत, वॉर्डनची सही, जास्तीत जास्त दोन रात्री. मेसचं गेस्ट कूपन आहेच, ते पालकांना निम्म्या दरात मिळावं. त्याची वर्गणी आम्ही विद्यार्थी देऊ. माणशी महिन्याला दहा रुपये काढले तरी दोनशे जणांचे दोन हजार होतात, म्हणजे चादरी धुण्याचा आणि कूपनचा बराच खर्च निघेल. झाडलोट आम्ही पाळीने करू. स्टाफवर एका पैशाचा आणि एका तासाचाही जास्तीचा भार नको, ही अट मी स्वतःहून घालतो, कारण एकाच कॉलमवर लोड टाकायचा नाही असं मी वरच लिहिलं आहे.

स्टुडंट्स कौन्सिलच्या पुढच्या मीटिंगमध्ये हा विषय यावा म्हणून आम्ही काही जण अर्ज लिहीत आहोत. मुलींच्या वसतिगृहातूनही वेगळा अर्ज यावा, कारण त्यांच्या अडचणी त्यांनाच जास्त माहीत. ज्यांना सही करायची आहे त्यांनी मेसच्या काउंटरवरच्या वहीत नाव, वर्ग आणि खोली नंबर लिहावा. आणि ज्यांच्या घरून गेल्या वर्षभरात कुणी आलं आणि रात्री राहायची पंचाईत झाली, त्यांनी तारीखही लिहावी. रेक्टर सरांपुढे जाताना नुसती भावना नको, आकडाही हवा.